मागचा बोल्ट

शमे, आधी नुसतं ऐक. मधे बोलू नकोस, ‘मग?’ सुद्धा म्हणू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल. काल लग्नात तू विचारत होतीस ना, की पंगतीत मठ्ठा वाढायला तो पांढऱ्या टोपीतला म्हातारा आला आणि मी जिलेबी तशीच टाकून ताटावरून उठले का म्हणून? तेच सांगते. पण पहिल्यापासून सांगते.

चार वर्षं झाली. मी तेव्हा खटावकरकाकांच्या गॅरेजात होते, आपल्या कराडात हायवेला, वजनकाट्याच्या शेजारी. सकाळचे दहा वाजले असतील. मी एका जीपखाली उताणी पडलेले, आणि खालूनच मला चार चाकं येताना दिसली. पांढरी गाडी. पुढच्या डाव्या चाकाची वाटी नाही, म्हणजे डॉक्टर ऐनापुऱ्यांची, गुरांच्या डॉक्टरांची. गाडी थांबली आणि दोन मिनिटांत तिच्या पोटातून जमिनीवर तेलाचा थेंब पडला. टप. मग दुसरा. आणि तुला खोटं वाटेल, मला हसू यायला लागलं. दोन वर्षं मी त्या थेंबाची वाट बघत होते.

वर डॉक्टर खटावकरकाकांना सांगत होते, “बघा हो जरा. बाबरांकडे दाखवली. त्यांचा दिनकर मिस्त्री म्हणतो मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवायला लागणार, चार दिवस गाडी सोडा. चार दिवस मी काय बैलावर बसून फिरू?”

मी बाहेर सरकले. हात पुसत उभी राहिले. डॉक्टरांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

“ही इथं आहे होय,” म्हणाले. “मग राहू द्या, खटावकर. येतो मी.”

आता हे का, ते ऐक. त्याच्या दोन वर्षं आधी मी बाबरशेठच्या गॅरेजात होते. आयटीआय करून लागलेली, अख्ख्या कराडात इंजिनात हात घालणारी पहिलीच मुलगी. मला घेतलंच कशासाठी, तर माझा हात बारीक म्हणून. काही गाड्यांत अशा जागा असतात की पुरुषाचा पंजा आत जातच नाही. दिनकर लोहार तिथला मोठा मिस्त्री. मी त्याला दिनूमामा म्हणायची. सगळं त्यानं शिकवलं मला, आवाजावरून रोग ओळखायचं, तेल बोटावर घेऊन चोळून बघायचं, सगळं.

आणि बाबरशेठकडे एक नियम होता. ज्यानं बोल्ट आवळला त्यानं त्याच्यावर आपल्या रंगाची रेघ मारायची. अर्धी रेघ बोल्टच्या डोक्यावर, अर्धी खालच्या अंगावर, एका ओळीत. बोल्ट हलला की रेघ तुटते, लगेच कळतं. आणि रंगावरून कुणाचं काम तेही कळतं. दिनूमामाचा पिवळा. माझं गुलाबी नेलपॉलिश. त्यावरून काय काय बोलायचे सगळे. “वैजू, इंजिनला टिकली पण लाव की.” मी म्हणायची, “तुमच्या तोंडाला लावते आधी.” मजेत चाललेलं.

तेव्हाच पेपरात माझा फोटो आलेला, आठवतो तुला? आमच्या बाहेरच्या खोलीत लटकतोय अजून. आईनं चौकट करून आणली. हातात तेरा नंबरचा पाना, नखं गुलाबी, दात सगळे बाहेर.

तर त्या दिवसांत डॉक्टरांच्या गाडीचं ऑइल फिल्टरचं हाऊसिंग आम्ही काढून बसवलं होतं. हाऊसिंग म्हणजे ज्याच्यात फिल्टर बसतो ते ॲल्युमिनियमचं भांडं गं. इंजिनाला तीन बोल्टांनी आवळलेलं असतं, मधे रबराचं गॅसकेट. कुकरची रिंग समज. पुढचे दोन बोल्ट दिनूमामाचे. मागचा एक असा अडचणीत की फक्त माझाच हात जायचा, आणि तिथं तर नेलपॉलिशचा ब्रश पण फिरायचा नाही, काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून रेघ ओढायला लागायची. मागचा बोल्ट म्हणजे वैजूचा, हे ठरलेलंच.

पाचव्या दिवशी डॉक्टर पाटणच्या वर एका वाडीत निघालेले. गाय अडलेली, वासरू आडवं. घाटात ऑइलचा लाल दिवा पेटला. माणूस शहाणा, तिथंच गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं. पण सगळं तेल रस्त्यावर. डॉक्टर चालत, मग दुधाच्या गाडीतून, असे तीन तासांनी पोचले. तोवर गाय गेली. हौसाबाई म्हणून एकटी बाई, तिची तेवढी एकच गाय.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून बाबरशेठकडे आणली. डॉक्टर दारात उभे, तोंड लाल. मी नेमकी बाजारात फिल्टर आणायला गेलेली. परत आले तर दिनूमामा बॉनेटमधून डोकं बाहेर काढत होता.

बाबरशेठनं विचारलं, “काय झालंतं?”

“मागचा बोल्ट ढिला राहिलावता,” दिनूमामा म्हणाला. “आवळला मी.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मी आवळला होता. माझी रेघ असेल त्याच्यावर, बघा.”

“खूण हाय का रे?” बाबरशेठ.

आणि शमे, दिनूमामानं माझ्याकडे बघितलं, चांगलं नीट बघितलं, आणि म्हणाला, “तेलात कायबी दिसत न्हाई.”

मला माहीत होतं त्याला दिसली होती. त्याच्या तोंडावरच लिहिलेलं. मी धावले, म्हटलं मला बघू दे, तर बाबरशेठ मधे उभे राहिले. “तू त्या गाडीला हात लावायचा नाही. मी आधीच म्हणत होतो, पोरीच्या हाताला जोर नसतो.” त्याच दिवशी मला काढलं. डॉक्टर जाताना म्हणाले, “फोटो काढून घ्यायला बऱ्या असतात ह्या.”

संपलं. सहा महिने कुणी दारात उभं केलं नाही. ‘नेलपॉलिशवाली’ म्हणायचे. खटावकरकाका म्हातारे, त्यांना बोलायला माणूस पाहिजे होतं म्हणून घेतलं त्यांनी. आणि त्या दोन वर्षांत असा एक दिवस गेला नाही की मी दिनूमामाला मनात धरून हापटलं नाही. माझ्या मनात पक्कं बसलेलं की त्याचंच काहीतरी चुकलं, गॅसकेट वाकडं बसवलं असेल, आणि मला वाचवणारी एकच गोष्ट होती, माझी गुलाबी रेघ, ती ह्या माणसानं गिळली. मामा म्हणायचं तर मी सोडलंच. रस्त्यात दिसला तर थुंकायची मी, खरंच सांगते.

तर आता ये त्या सकाळी. डॉक्टर परत गाडीत बसायला निघाले. मी दार धरलं.

“डॉक्टर, हे मागचं सील नाही,” म्हटलं. “हाऊसिंगमधूनच गळतंय. तेल मागच्या अंगानं ओघळून गिअरबॉक्सपाशी थेंब होतं, म्हणून सीलसारखं दिसतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी दाखवते तुम्हाला. पण दाखवताना दिनकर मिस्त्री इथं समोर पाहिजे. बाबरशेठ पण.”

खटावकरकाका म्हणाले, “कशाला गं वाढवतीस.”

“वाढवायचंच आहे काका. मी चुकले तर पाना खाली ठेवते, परत कुठल्या गाडीला हात लावणार नाही. पण बरोबर निघाले तर दिनकर मिस्त्रीनं सगळ्यांसमोर म्हणायचं, की दोन वर्षांपूर्वीची चूक त्याची होती.”

डॉक्टर थांबले. त्यांना माझ्याबद्दल काही वाटलं नाही, चार दिवस वाचतील एवढंच वाटलं. त्यांनीच फोन लावला. तासाभरात बाबरशेठ बुलेटवर, मागे दिनकर मिस्त्री, गुडघे बाहेर काढून बसलेला. दोन वर्षांत केस पांढरे झालेले. मला बरं वाटलं बघून. अशी होते मी तेव्हा.

बाबरशेठ उतरता उतरता म्हणाले, “काय गं, कोर्ट भरवलंस का?”

“बसा की,” म्हटलं. “तारीख आजचीच आहे.”

मी इंजिन सगळं डिझेलनं धुतलं. ब्रशनं घासून, मागे हात जाईल तिथवर आंधळेपणानं घासून, हवेनं कोरडं केलं. मग पिशवीतून टाल्कम पावडरचा डबा काढला आणि हाऊसिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळीकडे फुस्स फुस्स उडवली. पांढरंधोप. वजनकाट्यावरचे दोन ड्रायव्हर पण येऊन उभे राहिले.

“लगीन हाय का गाडीचं?” एक म्हणाला.

“न्हाई, नवरा पळून गेलाय, शोधाय निघालीय,” दुसरा.

दिनकर मिस्त्री त्यांच्यापासून बाजूला सरकला. लांब उभा, हाताची घडी.

गाडी चालू केली. पंधरा मिनिटं. पंख्याचा घरघर आवाज. मी बॅटरीचा उजेड धरून वाकलेली. आणि समज सीलमधूनच आलं असतं तर? मी पाना ठेवते म्हणाले होते. आणि मग हाऊसिंगच्या मागनं, त्या पांढऱ्या पावडरीत, एक काळी बारीक ओल आली. मुंगीच्या चालीनं उतरत गेली खाली, कडेनं वळली, गिअरबॉक्सच्या जोडापाशी जाऊन थेंब होऊन लटकली. सीलच्या भोवतीची पावडर कोरडी ठाक.

“या,” म्हटलं, “सगळ्यांनी या. मिस्त्रींना पुढं येऊ द्या.”

दिनकर मिस्त्री आला, वाकून बघितलं. “व्हय,” म्हणाला. “हाऊसिंगच हाय. माझा हात तिकडं जात न्हाई, डोळं बी आता... चुकलं माझं.”

डॉक्टर बाबरशेठला म्हणाले, “आणि तुम्ही गिअरबॉक्स उतरवत होता.” बाबरशेठचं तोंड बघण्यासारखं झालेलं. पण माझं एवढ्यानं भागणार नव्हतं. मी म्हटलं, “हे आजचं झालं. ठरलेलं राहिलंय. म्हणा.”

“म्हण बाबा एकदाचं,” बाबरशेठ वैतागून म्हणाले. “म्हण आणि चल.”

दिनकर मिस्त्रीनं वरच्या खिशात हात घातला आणि त्याचा आरसा काढला. काडीला लावलेला छोटा गोल आरसा असतो ना आमच्याकडे, अडचणीत बघायला, तो. मला त्यानंच वापरायला शिकवलेला. माझ्या हातात दिला.

“आधी मागचा बोल्ट बघ,” म्हणाला. “मग तू सांगशील ते मी म्हणतो.”

मला वाटलं, वेळकाढूपणा. मी ओढूनच घेतला आरसा. माझ्या मनात काय होतं, की माझी गुलाबी रेघ दिसेल, मी ती सगळ्यांना दाखवेन, आणि हा म्हणालेला ना दिसत नाही, तर आता सगळ्यांना दिसू दे. उजव्या हातानं बॅटरी, डाव्या हातानं आरसा आत घातला, मान वाकडी केली.

दिसली.

माझी रेघ होती तिथं. गुलाबी, अजून चकचकीत. पण शमे, ती फक्त बोल्टच्या डोक्यावर होती. डोक्याच्या कडेला आली आणि संपली. खाली हाऊसिंगच्या अंगावर गुलाबीचा ठिपका पण नाही. आणि तिच्या शेजारीच पिवळी रेघ, डोक्यावरून खाली अंगापर्यंत, एका ओळीत, कुठं तुटलेली नाही. दोन वर्षं एक केसभर हललेला नव्हता तो बोल्ट. पंजा आत जात नाही त्या माणसानं आजूबाजूचे पार्ट खोलून तो आवळला होता आणि वर रेघ मारली होती.

तुला कळलं का? रेघ आवळल्यावर मारायची असते. तशी मारली तर ती दोन्हीकडे लागते. फक्त डोक्यावर कधी असेल? बोल्ट हातात असताना, लावायच्या आधीच रंगवला तर. तिथं ब्रश फिरत नाही, काडी-कापूस करत बसायला लागतं, म्हणून घाईत असले की मी कधी कधी तो आधीच रंगवून घ्यायची. दोनदा केलं असेल, तीनदा केलं असेल. कुणाला माहीत नव्हतं. पण आवळायची मी. नंतर आवळायचीच.

आणि त्या आरशात मला माझा एक डोळा दिसत होता आणि मला आमच्या बाहेरच्या खोलीतला फोटो आठवला. हातातला तेरा नंबरचा पाना. मागचा बोल्ट तेराचाच. मी तो बोल्ट बोटानं फिरवून आत लावला होता, आणि आवळायला पाना घेऊन येत होते, तेवढ्यात बाबरशेठनं हाक मारली, वैजू ये, पेपरवाले आलेत. मी तशीच गेले. पाना हातात घेऊनच. अर्धा तास फोटो, इकडे बघ, हसून बघ, चहा. परत आले, आरसा घालून बघितलं, गुलाबी दिसलं. म्हटलं, झालंय हे. बॉनेट लावलं.

म्हणजे पुरावा सगळा वेळ आमच्या घरातच होता. आई त्याला दर शुक्रवारी पुसायची.

आणि दिनूमामानं तेव्हाच बघितलेलं. त्या दिवशी, बॉनेटमध्ये, त्याला ही नुसती डोक्यावरची रेघ दिसली होती. बोल्ट ढिला राहिला म्हणजे चूक, चूक सगळ्यांची होते. पण न आवळता खूण करून ठेवली, हे कळलं असतं तर कराडात काय, साताऱ्यापर्यंत कुणी मला चाकात हवा भरायला ठेवलं नसतं. म्हणून तो म्हणाला, तेलात काही दिसत नाही.

माझी मान अजून आतच. कंबर दुखायला लागलेली. मागून बाबरशेठ म्हणाले, “काय दिसतंय गं एवढं?” डॉक्टर घड्याळ बघतायत. ते दोन ड्रायव्हर. खटावकरकाका. आणि तो दिनूमामा, माझ्यापासून हातभर अंतरावर, मला त्याचा बिडीचा वास येत होता. त्यानं परत काही म्हटलं नाही. त्याला बोलायचंच असतं तर दोन वर्षं होती की त्याच्याकडे.

मी आरसा बाहेर काढला. चड्डीला, म्हणजे त्या बॉयलर सूटला पुसला. आणि त्याच्याकडे न बघता म्हटलं,

“म्हणा.”

एवढंच म्हटलं मी.

त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दोन वर्सापूर्वीची चूक माझी व्हती. पोरीची न्हवती.”

डॉक्टर पुढे आले. “म्हणजे ती गाय तुमच्यामुळे गेली मिस्त्री. आणि मी दोन वर्षं ह्या पोरीला नावं ठेवली.”

“व्हय डॉक्टर,” तो म्हणाला.

“त्या बाईला जाऊन सांगाल का हे?”

“सांगतो.”

आणि गेला तो, माहितीय? नंतर कळलं मला. पाटणला जाऊन, वर वाडीत चढून, हौसाबाईच्या दारात जाऊन सांगून आला.

मी हाऊसिंग उतरवलं. बाबरशेठ रागानं बुलेट काढून एकटेच निघून गेले, दिनूमामाला मागे न घेता. तो थांबला. कुणी सांगितलं नव्हतं, पण बॅटरी त्यानं धरली. गॅसकेट निघालं तर नुसता कडक काळा चुरा, बोटात मोडत होतं. वय झालेलं त्याचं, कुणाचीच चूक नव्हती त्यात. मागचा बोल्ट हातात आला तो मी थिनरच्या डब्यात टाकला. सगळेच बोल्ट टाकतो आम्ही धुवायला, पण हा मी पहिला टाकला. थिनरमध्ये गुलाबीचा एक धागा सुटला, वर वर गेला, मग पिवळ्याचा. दोन्ही मिसळून थिनर गढूळ झालं. आम्ही दोघं डब्यात बघत होतो.

“आवळून मग लाव,” तो हळू म्हणाला.

मी नवं गॅसकेट बसवलं, तिन्ही बोल्ट आवळले, काडीला कापूस गुंडाळला आणि रेघ ओढली, डोक्यावरून खालपर्यंत. त्यानं आरसा घालून बघितलं. मान हलवली आणि चालत हायवेनं निघून गेला.

मग काय, माझं नाव झालं. डॉक्टरांनीच केलं. आज हे माझं स्वतःचं गॅरेज दिसतंय ना तुला, त्यातली निम्मी गिऱ्हाइकं डॉक्टरांनी पाठवलेली. आणि बाबरशेठनं दिनूमामाला परत इंजिनला हात लावू दिला नाही, ग्रीस आणि पंक्चर. महिन्याभरात तो तिथून गेला. कुठे गेला ते मी विचारलं नाही. आईनं फोटो मोठा करून आणूया म्हटलं, तर मी भांडले तिच्याशी. तिला कळेना का.

आणि काल पंगतीत समोर पांढरी टोपी. मठ्ठ्याची बादली हातात, नवरी त्याची पुतणी. मी मान खाली घातली. तो माझ्या ताटापाशी वाकला, वाटीत मठ्ठा ओतला आणि विचारलं, “डॉक्टरांची गाडी गळत न्हाई न्हवं आता?”

मी म्हटलं, “नाही मामा.”

“बरं झालं,” म्हणाला आणि पुढच्या ताटाकडे गेला.

म्हणून उठले मी. आता बोल तू. आरसा तुझ्या हातात आहे, सगळे मागे उभे आहेत, दोन वर्षांचा राग आहे, आणि तो माणूस म्हणतोय तू सांगशील ते मी म्हणतो. शमे, खरं सांग, तू काय म्हटलं असतंस?